सहापैकी दोन

सहा काडतुसं भरली होती. चार उडाली, दोन नाही. न उडालेलं पहिलं तिसऱ्या नंबरावर होतं. घोडा पडला, नुसता टक् आवाज आला. फौजेत सतरा वर्षं जे अंगात भिनलं ते आपोआप झालं. नळी निशाणाकडेच धरून ठेवली आणि मनात तीसपर्यंत मोजलं. पाचव्या गोळीला शेजारच्या लेनमधला कॉलेजचा पोरगा कानाला हात लावून मागे सरकला. म्हणाला, "काका, काहीतरी चावलं." त्याच्या कानाच्या पाळीवर मुंगीएवढा लाल ठिपका होता. तो शिशाचा कण होता, आणि तो माझ्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून आडवा उडाला होता.

रिव्हॉल्व्हर माझं नव्हे. परवाना शेठच्या नावावर आहे. त्या परवान्यावर रिटेनर म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने हत्यार बाळगणारा म्हणून, माझं नाव आणि फोटो. शेठ म्हणजे पुण्यातले सराफ, तीन पिढ्यांची पेढी. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून बाहेर पडल्यावर आधी दोन वर्षं एटीएमच्या गाडीवर काढली, मग इथे चिकटलो. सकाळी तिजोरी उघडताना आणि रात्री बंद करताना मी असलो पाहिजे, मधल्या वेळेत दाराशी स्टुलावर. पगार बावीस हजार. हत्यार त्यांच्या आजोबांनी घेतलेलं: वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम, .३२ बोअर, मार्क फोर. वरची कडी अंगठ्याने दाबली की कंबरेत वाकल्यासारखं मधोमध मोडतं आणि मधली चांदणी रिकाम्या पुंगळ्या एकदम उचलून देते. शेठला त्याची किंमत ठाऊक नाही. पण ते आजोबांचं आहे, एवढं एक कारण त्यांना पुरतं.

बिघाडाची सुरुवात कुठे झाली हे मी त्या दिवशी स्वतःला ठासून सांगितलं: निवडणुकीत. २०२४ साली दोनदा हत्यार जमा करावं लागलं. लोकसभेला मार्चच्या मध्यावर आचारसंहिता लागली, ती जूनपर्यंत चालली. तेवढ्यात पाऊस आला. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, त्यामुळे पुढे धनत्रयोदशीला, सराफाच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, मी दाराशी बांबूची काठी घेऊन उभा. गिऱ्हाईक हसायचं. परत मिळालं तेव्हा हत्यार कापडी पिशवीत होतं आणि नळीच्या तोंडाशी चहाच्या डागासारखा तांबूस गंज. ठाण्यातल्या माणसाला बोलून काय उपयोग? त्याच्या खोलीत पन्नास हत्यारं, एक खिडकी, आणि तो एकटा. मी गंज पुसला, तेल घातलं, आणि जानेवारीत रायफल क्लबच्या रेंजवर तपासायला नेलं. पुढचं वर सांगितलंच.

शेठ म्हणाले, "दाखवून आणा कुठेतरी. पण हवालदार, फार खर्चात पडू नका."

सोनं मिलिग्रॅमवर तोलणारा माणूस. त्यांच्या तोंडी 'फार' म्हणजे किती, हे विचारायची सोय नसते.

फौजेत हत्यार बिघडलं तर सोपं होतं. कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात जायचं, कोत एनसीओला सांगायचं, चिठ्ठी लागायची, आर्मोरर बघायचा. पैशाचा प्रश्नच यायचा नाही. बाहेर आल्यावर कळलं की फौजेच्या बाहेर कोत नसते. १९५९च्या शस्त्र कायद्यात हत्यार बनवायला, विकायला जसा परवाना लागतो तसाच दुरुस्त करायलाही लागतो. हे योग्यच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे शोधणाऱ्याची वाट फार अरुंद होते. घड्याळ बिघडलं तर दहा दुकानं, शिलाई मशीन बिघडलं तर पाच. रिव्हॉल्व्हरसाठी एका मोठ्या शहरात बोटावर मोजण्याएवढी, आणि त्यातलीही निम्मी फक्त काडतुसं विकणारी.

पहिल्या दुकानदाराने परवाना बघितला, हत्यार मोडून बघितलं आणि म्हणाला, "ठेवून जा. कारागीर बाहेरचा आहे, तीन-चार महिन्यांनी येतो. अठरा हजार धरून चाला, जास्तही होतील." काय बिघडलंय ते विचारलं तर म्हणाला, "ते तोच सांगेल." म्हणजे रोग माहीत नाही, बिल माहीत आहे. दुसऱ्या दुकानावर, मुंबईत, पाटीवर अजून 'रिपेअरर्स' लिहिलेलं होतं. आत गेल्यावर मालकाने चहा पाजला आणि मागच्या खोलीतलं टेबल दाखवलं. शेगडा, लाकडी मुठीच्या कानशी, भिंतीवर ओळीने पेचकस, आणि सगळ्यावर धुळीचा थर. कारागीर वारला, त्याची पोरं दुसऱ्या धंद्यात गेली. टेबल हलवायला मालकाचं मन होत नव्हतं.

तिथे बसून मालकाने जे सांगितलं त्यातून मला या धंद्याचं गणित पहिल्यांदा कळलं. एके काळी दुरुस्तीचं काम शिकारीवर चालायचं. शिकारी माणूस हंगामात बंदूक वापरायचा, आपटायचा, चिखलात पाडायचा, आणि पावसाळ्याआधी दुकानात आणून टाकायचा. १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद होत गेली. चांगलं झालं, पण बंदुका भिंतीवर गेल्या. भिंतीवरची बंदूक बिघडते, फक्त ते कुणाला कळत नाही. मग ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, आणि जुन्या विलायती मालाची किंमत चढली. सुटे भाग मात्र येणार कुठून? खुद्द वेब्लीने बंदुका, रिव्हॉल्व्हर बनवणं १९७९ मध्ये थांबवलं. आता त्या नावाची रिव्हॉल्व्हरं उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यात संडीलाला बनतात, २०२०नंतर. मी आशेने विचारलं, त्यातला एखादा भाग बसेल का? मालक म्हणाला, "जुनं वेब्ली हाताने जुळवलेलं असतं. दोन सख्ख्या रिव्हॉल्व्हरांचे भागही कानस लावल्याशिवाय अदलाबदल होत नाहीत. भाग मिळाला तरी बसवणारा हात लागतो. भाग नसला आणि हात असला तरी चालतं."

त्या वाक्याने मला नको ती कल्पना सुचवली. हात आमच्याच पेढीत होता.

पेढीच्या वरच्या मजल्यावर चार बंगाली कारागीर बसतात. त्यातला सगळ्यात जुना, आम्ही त्याला दादा म्हणतो, तांदळाच्या दाण्यावर नक्षी काढेल असा. एका दुपारी हत्यार रिकामं करून, दोनदा तपासून, मी ते माझ्याच हातात धरून त्याच्या दिव्याखाली नेलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं. सिलिंडरच्या मागे चांदणीला सहा दात असतात. घोडा ओढला की आतली एक छोटी पट्टी वर येते, दाताला ढकलते आणि सिलिंडर एक घर पुढे सरकतं. दादाने दातांकडे बघितलं, मग मागच्या भिंतीतल्या चिरेतून डोकावणाऱ्या त्या पट्टीच्या टोकाकडे बघितलं, आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, "ये घिस गया. देखो, गोल हो गया. नया बना देगा, दो घंटा."

दोन तास. मजुरी? त्याने हसून हात हलवला. चहा.

खरं सांगतो, मी क्षणभर डगमगलो. त्याच्या पुढ्यात सोन्याची नथ अर्धवट पडली होती, तिच्या फाशाचं काम या पट्टीच्या कामापेक्षा नाजूक होतं. त्याला जमलं असतं यात मला शंका नव्हती. पण त्याच्याकडे परवाना नाही. त्याने कानस लावली तर गुन्हा त्याचा, आणि रिटेनर म्हणून माझा, आणि परवानाधारक म्हणून शेठचा. शिवाय सोनं आणि पोलाद यांच्यात एक फरक आहे जो भिंगातून दिसत नाही: कोणतं पोलाद, किती तापवायचं, कशात विझवायचं. नथीचा फासा तुटला तर नथ पडते. मी दादाला नको म्हटलं. त्याला थोडं वाईट वाटलं असावं, तो पुन्हा नथीकडे वळला.

आणखी एक सल्ला आला तो लिहायलाच हवा. एटीएमच्या गाडीवरचा जुना सोबती फोनवर म्हणाला, "उत्तरेकडे सीमेवर जा, हजारात करून देतील, पट्टी काय अख्खं नवीन देतील." त्याला म्हटलं, मी हत्यार दुरुस्त करायला निघालोय, तुरुंगात जायला नाही. अशा ठिकाणी परवान्याचं हत्यार घेऊन जाणं म्हणजे सोन्याचं नाणं चोरबाजारात वाजवून बघायला नेणं.

धागा शेवटी रेंजवरच सापडला. तिथे एक निवृत्त पोलीस आर्मोरर येतात, पोरांची पिस्तुलं साफ करताना बघत बसतात. नेमबाजीत सेंटर फायरचा जो प्रकार आहे तो याच .३२च्या काडतुसावर खेळतात, त्यामुळे त्यांना या बोअरची नाडी ठाऊक. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मी आयुष्यभर सरकारी हत्यारं केली. खाजगीला हात लावला तर माझ्या पेन्शनला हात लागेल. पण कोल्हापूरला एक म्हातारा आहे अजून. असला तर."

कोल्हापूर ऐकून नवल वाटलं नाही. शाहू महाराजांच्या काळापासून शिकारीचा नाद असलेलं गाव. तिथे शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते, नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात हत्यारं आणि पेंढा भरलेली जनावरं आजही बघायला मिळतात. जिथे शौक तिथे कारागीर. शिकलगार हे आडनाव आपल्याकडे असंच आलेलं आहे, तलवारीला धार आणि झळाळी देणाऱ्यांचं. तलवारी गेल्या, कात्र्या-सुऱ्या आल्या, आडनाव राहिलं.

शेठकडून पत्र घेतलं, मूळ परवाना घेतला, त्यावरची हद्द अख्ख्या महाराष्ट्राची आहे हे पुन्हा एकदा वाचून घेतलं, हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या डब्यांत ठेवली आणि पेढीची जुनी गाडी काढली. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. चार टोलनाके, चार पावत्या. शेठला हिशेब लागतो म्हणून पाकिटात जपून ठेवल्या.

दुकान बोळात, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागेल एवढं. भिंतीवर काचेच्या चौकटीत दुरुस्तीचा परवाना. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, अंगात बनियन, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मी डबा पुढे केला तर त्याने हात मागे घेतले. "आदी पुस्तक बगू द्या."

परवाना उघडला. माझा फोटो आणि माझं तोंड पडताळून बघितलं. मग हत्याराच्या अंगावरचा नंबर मला मोठ्याने वाचायला लावला आणि स्वतः परवान्यावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. नोंदवहीत लिहिलं. एवढं झाल्यावर त्याने हत्यार हातात घेतलं, आणि घेतल्या घेतल्या तळहातावर मोडून रिकामं असल्याचं बघितलं, मी दोनदा सांगितलेलं असूनही. माझ्या जिवात जीव आला. ज्याला माझ्या शब्दावर विश्वास नाही त्याच्यावर मला विश्वास ठेवता येतो.

बिघाड काय ते त्याने विचारलं नाही. पांढरं फडकं अंथरलं, घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढला, कान जवळ नेला. एकदा, दोनदा, सहा वेळा. प्रत्येक घराला थांबून सिलिंडर दोन बोटांनी हलवून बघितलं. मग मुठीच्या लाकडी फळ्या काढल्या, आत बोट घातलं आणि बोट मला दाखवलं. मधासारखं पिवळं चिकट काहीतरी.

"तेल कुनी वतलंय एवडं?"

मी. दर शनिवारी. फौजेतली सवय: पुल-थ्रू, चिंदी, तेल. पण फौजेतली रायफल रोज उघडली जायची, रोज पुसली जायची. इथे मी वरून तेल सोडत होतो आणि आतलं कधीच काढत नव्हतो. वर्षानुवर्षं ते साचून गोंद झालं होतं, घोडा त्यातून वाट काढत खाली येत होता आणि जोर निम्म्यावर. वर उरलेलं तेल झिरपत काडतुसांच्या बुडाशी जात होतं. त्याने न उडालेली दोन काडतुसं मागितली, दिव्याखाली धरली. बुडावर केएफची खूण होती, म्हणजे आमच्याच खडकीच्या कारखान्यातली. बुडातल्या टोपीवर घोड्याचा खळगा अगदी उथळ. "गोळीचा दोष न्हाई. टोपीत तेल गेलं की ती मरतीया. हत्यार पुसायचं आसतं, न्हाऊ घालायचं नसतं."

ठाण्यातल्या माणसाला मी तीन महिने मनातल्या मनात दोष देत होतो. गंज त्याच्या खोलीतला होता हे खरं. पण सहापैकी दोन माझी होती.

पुढचा भाग त्याने मला न विचारता ओळखला. कडी आणि बिजागरी हलवून म्हणाला, "ह्यो झटका देऊन बंद करनारा कोन हाय?" मी गप्प. शेठचे धाकटे चिरंजीव. मित्र आले की तिजोरीजवळ उभे राहून सिनेमातल्यासारखं मनगटाने फाट् करून बंद करून दाखवायचे. मी दोनदा अदबीने बोललो होतो, तिसऱ्यांदा बोललो नाही. नोकरी आहे. म्हातारा म्हणाला, "दोन्ही हातांनी मिटायचं, पुस्तक मिटल्यावानी."

मग त्याने चिमणी पेटवली. मला वाटलं वीज गेली की काय. त्याने वात मोठी केली, धूर होऊ दिला आणि ती झिजलेली पट्टी चिमट्यात धरून धुरावर फिरवली. पट्टी काजळीने काळी झाली. ती परत आत बसवली, घोडा एकदाच ओढला, पट्टी पुन्हा बाहेर काढली. काळ्यावर एक चकाकणारी रेघ उमटली होती, केसाएवढी, एका कडेला. तेवढ्याच जागी पोलाद पोलादाला भिडत होतं. बाकी सगळी काजळी जशीच्या तशी. मी बंदुकीत आयुष्य घालवलं, पण यंत्राने स्वतःच्या हाताने आपलं दुखणं लिहून दाखवलेलं असं कधी पाहिलं नव्हतं. याच केसाच्या फरकाने सिलिंडर घराच्या जरा अलीकडे थांबत होतं, गोळी नळीत शिरताना कडेला घासत होती आणि शिसं सोलून बाजूला फेकलं जात होतं. त्या पोराच्या कानावर.

मी विचारलं, वेल्डिंग करून टोक वाढवता येणार नाही का, लवकर होईल. त्याने चष्म्यावरून बघितलं. "हुईल की. धा दिस चालंल, मग तुटंल. मी न्हाई करनार." नवी पट्टी तो स्प्रिंगच्या पोलादातून घडवणार, काजळी लावत लावत सहाही दातांना जुळवणार. बारा दिवस.

शेठचा आणखी एक निरोप होता तो मी दिला: जमलंच तर पॉलिश करून, नवा रंग चढवून चकाचक करा. म्हातारा नाही म्हणाला. चकाचक करायचं तर घासावं लागतं, घासलं की नंबर आणि बर्मिंगहॅमच्या परीक्षेचे शिक्के झिजतात. नंबर पुसट झालेलं हत्यार जवळ ठेवणं म्हणजे काय, ते त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. गंज तेवढा तो हाताने काढणार होता.

"किती होतील?"

"साडेतीन हजार." मी काही बोललो नाही तर त्याला वाटलं मला जास्त वाटतंय. "साफ करायचं त्यात आलं," तो म्हणाला.

हत्यार त्याच्याकडे ठेवलं, पावती घेतली, रिकाम्या कंबरेने पुण्याला परत. बारा दिवस पुन्हा बांबूची काठी.

दुसऱ्या फेरीत थोडा वेळ मिळाला म्हणून विचारलं, पुढे कोण बसणार इथे? नातू शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसीवर आहे, म्हणाला, हात बरा आहे पोराचा, पण दिवसाला एक गिऱ्हाईक येतं नि आठवड्यातले चार दिवस तेही येत नाही, त्याला काय म्हणून बसवू. त्याच्या आवाजात दुःख वगैरे नव्हतं. तो बोलता बोलता माझ्या हत्याराचा घोडा ओढून सहा वेळा कानाशी नेत होता.

रेंजवर बारा काडतुसं झाडली. बाराही उडाली. शेजारच्या लेनमध्ये मुद्दाम तोच पोरगा उभा होता, कानावर हेडफोन घट्ट बसवून.

शेठपुढे हिशेब ठेवला. दुरुस्ती साडेतीन हजार. दोन फेऱ्यांचं डिझेल, सोळा टोलपावत्या, दोन वेळचं जेवण मिळून दुरुस्तीपेक्षा जास्त. शेठनी टोलच्या पावत्या एकेक करून मोजल्या, मग म्हणाले, "रस्त्यानेच लुटलं की आपल्याला." चिरंजीवांना बंद करण्याची पद्धत मी त्यांच्याच समोर दाखवली, दोन्ही हातांनी, पुस्तक मिटल्यासारखी. कोल्हापूरच्या माणसाचा हुकूम आहे म्हणून सांगितलं. तिऱ्हाइताचं नाव घेतलं की नोकराला बोलता येतं.

दुपारी दादाने वरून हाक मारली. हत्यार रिकामं करून, दोनदा बघून, माझ्याच हातात धरून दिव्याखाली नेलं. त्याने भिंग लावलं आणि चिरेतून डोकावणाऱ्या पट्टीच्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिला. हात लावला नाही. मग भिंग काढून विचारलं, "कितना लिया?"

"साढे तीन."

"कम लिया," म्हणाला, आणि नथ उचलली.